शुक्रवारची बॅच

गुलाम हुसेनचे कापड विणायचे आठ लूम भंगारात गेल्याला एकोणीस वर्षं झाली, पण शुक्रवारची सुट्टी काही त्याच्या अंगातून गेली नाही. भिवंडीत लूम शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे अर्ध्या गावाचा रविवार शुक्रवारीच येतो, हे खरं. पण ज्याच्याकडे लूमच उरले नाहीत त्यानं काय करावं? कारखाना विकल्यावर यानं कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान टाकलं. कॉलेज चालतं सोमवार ते शनिवार. शहाण्या माणसानं रविवारी शटर खाली ठेवलं असतं. हा शुक्रवारी ठेवतो. पोरं नोट्स घेऊन येतात, कुलूप बघतात, "चाचा पण ना!" म्हणून चडफडत पुढच्या दुकानात जातात.

कुणी समजवायला गेलं तर म्हणतो, "जुम्मा म्हणजे सुट्टी. तीस वर्षं कारखाना चालवला, आता म्हातारपणी कॅलेंडर कशाला बदलू?" सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

रविवारी तो अगदीच माशा मारत बसतो असंही नाही. कॉलेजात दूरशिक्षणाचं केंद्र आहे. ज्यांचं शिक्षण कुठं ना कुठं अर्धवट सुटलं अशी माणसं तिथं येतात. कुणी गोदामात कामाला, कुणी दोन पोरांची आई, कुणाच्या मिशा पांढऱ्या. रविवारी मोठ्या फाटकाला कुलूप असतं, पण बाजूचं छोटं फाटक त्यांच्यासाठी उघडं ठेवतात. या मंडळींना प्रोजेक्ट अजून बांधून द्यावा लागतो. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. सगळे त्याला ब्लॅकबुक म्हणतात. आता पुष्कळ ठिकाणी पीडीएफवर भागतं, तरी जेवढी ब्लॅकबुकं या गल्लीत होतात, तेवढी गुलाम हुसेनच करतो. अक्षरांचे पितळी खिळे एकेक उचलून उलटे जुळवायचे, तापवायचे, सोनेरी कागदावर दाबायचे. आणि दाबण्याआधी तो नाव मोठ्यानं वाचून दाखवणार. बापाचं नाव, आडनाव, सगळं. समोरच्याकडून "बरोबर" असं वदवून घेणार. पोरांना घाई असते. "चाचा, लिहिलंय ना कागदावर!" म्हणतात. हा म्हणतो, "कागदाला काय कळतं? नाव तुझं हाय, तू बोल."

लोकांना वाटतं म्हातारा चिकट आहे. खरं सांगायचं तर त्या निमित्तानं कुणीतरी दोन शब्द बोलतं, एवढाच त्याचा स्वार्थ. बायको जाऊन सहा वर्षं झाली. घरी गेल्यावर बोलायला भिंत. सकाळी स्वतःच भात लावतो, कालचं कालवण गरम करतो, डबा भरतो आणि दुकानात येऊन एकटाच खातो.

आता त्याच्या पोटातलं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्याला एकुलती एक मुलगी, जोहा. ती याच कॉलेजात शिकली. मधल्या सुट्टीत रस्ता ओलांडून यायची, झेरॉक्स मशीनच्या मागे स्टुलावर बसायची आणि अब्बांच्या डब्यातली तळलेली बोंबलाची तुकडी पळवायची. बोलायची तर किती! प्राध्यापकांच्या नकला, मैत्रिणींची भांडणं, सगळं. शेवटच्या वर्षाला तिनं काल्हेरच्या गोदामांवर प्रोजेक्ट केला. भर उन्हात ट्रकवाल्यांना प्रश्न विचारत फिरली, नाक रापून काळं झालं. ते ब्लॅकबुक गुलाम हुसेननं स्वतःच्या हातानं बांधलं. तिचं नाव तीन वेळा रद्दी पुठ्ठ्यावर छापून बघितलं आणि मग कव्हरवर घेतलं. गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराला दाखवून आला.

आणि त्याच महिन्यात स्थळ आलं. मुलगा कुवेतला, घराणं ओळखीचं, माणसं चांगली. कोकणी मुसलमानांच्या घरात लग्नाची तारीख मुलीकडचे ठरवत नाहीत आणि मुलाकडचेही ठरवत नाहीत. ती कुवेतचा मालक ठरवतो. रजा एकवीस दिवसांची. त्यात निकाह बसवायचा, दावती बसवायच्या, नातेवाईक बसवायचे. निकाह रविवारी ठरला आणि जोहाचे शेवटचे पेपर त्याच आठवड्यात बुधवारपासून.

आता इथं ऐका. मुलगा वाईट नव्हता. त्यानं स्वतः फोन करून सांगितलं, "अब्बा, देऊ देत की तिला पेपर. मी सोडायला येईन, बाहेर थांबेन." सासरच्यांनी चार पावलं पुढं टाकली होती. पण गुलाम हुसेनची खानदानी रीत अशी, की समोरचा चार पावलं आला की आपण आठ जायचं. तो म्हणाला, "छे छे! तुमची रजा केवढी, त्यात पेपर कसले! नव्या नवरीला कुणी परीक्षेला धाडतं का? ऑक्टोबरला देईल." पाहुण्यांना वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस! अरे, पण हे मोठं मन कुणाच्या जिवावर? पोरीच्या. तिला विचारलं का कुणी?

जोहा एकदाच बोलली होती. "अब्बा, पाचच पेपर हाईत."

"ऑक्टोबरला दे," तो म्हणाला होता.

ऑक्टोबरला ती कुवेतला होती आणि तिला दिवस गेले होते. ब्लॅकबुक दुकानातच राहिलं. एका वर्षी पुराचं पाणी आत शिरलं, त्यात खालच्या फळीवरचा सगळा माल गेला आणि तेही गेलं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. आदळआपट केली असती, चार महिने अबोला धरला असता, तर हा गेला असता समजूत काढायला. पण तिनं तसलं काही केलं नाही. नुसती सभ्य झाली. तीन वर्षांपूर्वी जावयाची तिकडची नोकरी सुटली, मंडळी परत आली, त्यानं एका गोदामात सुपरवायझरची नोकरी धरली आणि काल्हेरलाच नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. रिक्षानं अर्ध्या तासाचा रस्ता. जोहा दोन्ही ईदला येते. पोरांना सलाम करायला लावते, शिरखुर्म्याचा डबा ठेवते, ओट्यावरची भांडी घासते आणि विचारते, "बीपीची गोळी घेता ना, अब्बा?"

"घेतो."

"बरं."

दवाखान्यातली नर्ससुद्धा याहून जास्त बोलते हो! ती गेल्यावर गुलाम हुसेन त्या घासलेल्या भांड्यांकडे बघत बसतो. आपलं चुकलं हे त्याला कळलं नव्हतं असं नाही. पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण बापानं लेकीची माफी मागायची कशी, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आज सांगू, पुढच्या ईदला सांगू, असं करत चौदा वर्षं गेली.

तर त्या रविवारी काय झालं, की गुलाम हुसेन चहा प्यायला बाळारामच्या गाडीवर गेला. बाळाराम पाटील, फाटकाला लागून त्याची वडापावची गाडी. भावांनी जमीन गोदामांना दिली, सगळे गाड्या उडवतात. यालाही काही कमी नाही, पण घरी बसवत नाही म्हणून अजून वडे तळतो. दोघांची जुनी दोस्ती.

"बाळाराम, मी एक ठरवतोय," गुलाम हुसेन बशीत चहा ओतत म्हणाला. "शुक्रवारी पण दुकान उघडावं म्हणतो."

बाळारामच्या हातातला झारा थांबला. "का रं? आता मधीच का?"

"घरात करमत न्हाय. नमाज झाली की दोन वाजल्यापासून नुसता पंखा बघायचा. आणि आता दूरशिक्षणवाल्यांची शुक्रवारची पण बॅच चालू झाली ना. लूमवाल्या लोकांसाठी. चार ब्लॅकबुकं मिळतील."

"नको!" बाळाराम एकदम बोलला. "नको नको. म्हातारा झालास, एक दिस आराम कर. जुम्मा हाय तुझा."

गुलाम हुसेन बघतच राहिला. एकोणीस वर्षं हाच बाळाराम त्याला शुक्रवारच्या सुट्टीवरून वेड्यात काढत होता. "तुझ्या पोटात काय दुखतंय?" त्यानं विचारलं. "मी दुकान उघडलं तर तुझे वडे करपणार हाईत?"

बाळारामनं कढईखालचा गॅस उगाच बारीक केला, उगाच मोठा केला. बाळाराम शंभर वडे एका घाण्यात तळेल, पण खोटं त्याला कधी जमलं नाही. शेवटी हात पुसत गाडीच्या मागून पुढं आला आणि बाकावर बसला.

"कुणाला बोलणार न्हाय असं मी तिला वचन दिलंय," तो म्हणाला. "पण आता तू येड्यासारखा शुक्रवारी येऊन बसलास, तर सगळंच मुसळ केरात. तुझी जोहा येते इथं. शुक्रवारच्या बॅचला. शेवटचं वरीस परत घेतलंय तिनं. जूनपासून येते."

गुलाम हुसेननं बशी खाली ठेवली. त्याला काही कळेचना आधी. मग आनंद झाला, खोटं कशाला सांगू, कान गरम झाले त्याचे. "जोहा? इथं? मग मला बोलली का न्हाय?" आणि लगेच, "आणि शुक्रवारी कशाला? रविवारी जावई घरी असतो, पोरांना बघेल. शुक्रवारी पोरं कुणाकडं ठेवते?"

"शेजारणीकडं ठेवते. मी पण हेच विचारलं तिला," बाळाराम म्हणाला. "बोललो, बाई, रविवारची बॅच घे, सोयीची पडंल. तर म्हणाली..." तो थांबला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाळाराम काका, रविवारी अब्बांचं दुकान उघडं असतं."

रविवारच्या बॅचची एक बाई आली, दोन वडापाव बांधून घेऊन गेली. मग बाळाराम हळूच म्हणाला, "राग धरू नको. पण तिला भीती हाय तुझी. मारशील, बोलशील अशी न्हाय. तुला कळलं की परत काहीतरी मोडंल, असं तिच्या डोक्यात बसलंय. परीक्षेला महिना राहिलाय. तू दिसलास ना, तर ती यायची बंद व्हईल. मी वळखतो तिला."

तो आठवडा गुलाम हुसेननं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. मंगळवारी एका मुलाचं आडनाव वाचून दाखवायलाच विसरला. रात्री अंथरुणावर पडून मनातल्या मनात हिशेब लावायचा. शुक्रवारी जाऊ नये हे बरोबर. पण मग सांगायचं कधी? ईदला ती पोरांना घेऊन येते, बीपीची गोळी विचारते आणि जाते. पोरांसमोर, शिरखुर्म्याच्या डब्यावरून कुणी असलं काही बोलतं का? वय अडुसष्ट. माणसाचा काय भरवसा! बोलायचं राहून गेलं तर? आणि शिवाय, बापाला लेक दिसावी, एवढी साधी भूक होती ती. बाळाराम काहीही म्हणो. गुरुवारी त्यानं ठरवून टाकलं. जायचं, समोर उभं राहायचं, आणि "माझं चुकलं, बेटा" एवढं म्हणायचं. तीन शब्द. पुढं ती जे करेल ते करेल.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली तसा तो मशिदीतून थेट दुकानावर आला. धुतलेला झब्बा, दाढी नीट केलेली. शटर कमरेपर्यंत वर केलं, वाकून आत शिरला आणि दिवा न लावता स्टुलावर बसला. "माझं चुकलं, बेटा." मोठ्यानं म्हणून बघितलं. पुन्हा म्हणून बघितलं. बाहेर ट्रक जात होते.

अडीचच्या सुमारास बाळारामच्या गाडीपाशी रिक्षा थांबली. आधी दप्तर उतरलं, मग निळी ओढणी. जोहाच. दोन मुली तिची वाटच बघत होत्या, विशी-बाविशीच्या. त्यांतल्या एकीनं काहीतरी सांगितलं आणि जोहा हसली. कशी हसली! तोंडावर हात, मान मागं, एक पाय जमिनीवर आपटत. स्टुलावर बसून प्राध्यापकांची नक्कल करताना हसायची तशी. चौदा वर्षांत गुलाम हुसेननं हे हसू बघितलं नव्हतं. आपल्या घरी येते ती बाई कोण आणि ही कोण, असं झालं त्याला.

तो उठला. शटरला हात घातला, वर करायला. आणि त्या तिघी वडापाव घेऊन रस्ता ओलांडून त्याच्याच दुकानाकडं यायला लागल्या. शुक्रवारी दुकान बंद म्हणून त्याच्या पायरीवर पोरं सावलीला बसतात, हे त्याला बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

अजून वीस पावलं. मग पंधरा. समोर जायचं होतं ना? आता तर तीच चालत येत होती. पण ती अजून हसत होती. शटर वर गेलं, की आपला चेहरा दिसणार आणि ते हसू जागच्या जागी बंद होणार, "बीपीची गोळी घेता ना, अब्बा?" सुरू होणार. हे त्याला लख्ख दिसलं. एक कंटेनर भोंगा वाजवत मधून गेला, त्याच्या आडोशानं गुलाम हुसेननं शटर हळूच खाली ओढलं आणि अंधारात तसाच उभा राहिला.

त्या पायरीवर येऊन बसल्या. मध्ये फक्त पत्रा.

"जोहादीदी, हे बाइंडिंगवाले चाचा कधी उघडतात हो?" एका मुलीनं विचारलं. "आम्हाला दोघींना ब्लॅकबुक करायचंय."

"शुक्रवारी बंद असतं, उन्नती. रविवारी या." जोहाचा आवाज. "त्यांच्याकडंच करा. पान सुटत नाही त्यांचं. नाव विचारून विचारून छापतात, वैतागाल, पण अक्षर चुकणार नाही."

"तुमचंही देऊ का मग आमच्याबरोबर?"

पत्र्याला कुणाचीतरी पाठ टेकल्याचा आवाज आला.

"नको. माझं मी कल्याणला करून घेईन."

"एवढं चांगलं करतात म्हणता, मग कल्याणला कशाला?"

"अगं, एकदा दिलं होतं त्यांच्याकडे," जोहा म्हणाली. "छान केलं होतं. पण मग सगळंच राहून गेलं माझं. आता पेपर होईपर्यंत कुणाच्या हातात काही द्यायला भीती वाटते बघ मला." मग म्हणाली, "चला, खा लवकर. बेल होईल."

गुलाम हुसेनची बोटं शटरच्या कडीवर होती. नुसता झटका दिला असता तर वर गेलं असतं. तीन शब्द तोंडात तयार होते. ते बोलून त्याचं मन हलकं झालं असतं, यात शंकाच नाही. चौदा वर्षांचं ओझं उतरलं असतं. आणि ती? ती काय करायची मग? डोळे पुसत घरी जायची, रात्रभर जागायची, महिनाभर पुस्तकात बघून बापाचं तोंड आठवायची. परत एकदा तिच्या पेपरांच्या तोंडावर बापाला आपलंच घोडं पुढं दामटायचं होतं. गुलाम हुसेनला स्वतःची लाज वाटली. त्यानं कडी सोडली. खोकला आला तो झब्ब्याची बाही तोंडात धरून दाबला. डोळ्यांतून पाणी आलं ते खोकल्याचं की कसलं, ते बघायला अंधारात कुणी नव्हतं.

तीनची बेल झाली. पायरीवरून तिघी उठल्या. कागद चुरगळल्याचा आवाज आला, चपलांचा आला, मग ट्रकांखेरीज काही ऐकू येईना. तरी तो पाच-दहा मिनिटं हलला नाही.

शटरवर थाप पडली. "गुलाम, हाईस ना आत? मी बघितलं तुला."

गुलाम हुसेननं शटर वर केलं. उन्हानं डोळे दिपले. बाळाराम हातात चहाचा ग्लास घेऊन उभा होता, चेहऱ्यावर काळजी.

"बोललास तिच्याशी?"

"न्हाय."

"का रं? आली होती ना इथंच."

गुलाम हुसेननं चहा घेतला नाही. शटर परत खाली ओढलं आणि कुलूप लावायला बसला. "पेपर कधीपासून हाईत तिचे?"

"चार शुक्रवार राहिलेत, असं म्हणत होती."

"मग चार शुक्रवार मी इकडं फिरकत न्हाय. तू तिला काही सांगू नको. मला ठाऊक हाय, हे पण सांगू नको."

"आणि पेपर झाल्यावर?"

"झाल्यावर ती आली तर आली." तो गुडघ्यावर हात देऊन उठला. झब्ब्याला लागलेली धूळ झटकली. जायला वळला आणि थांबला. "बाळाराम, एक सांग. ती अशीच हसते का रे? दर शुक्रवारी?"

बाळारामला खोटं जमत नव्हतं. "हसते," तो म्हणाला. "दर शुक्रवारी."

"बरं," गुलाम हुसेन म्हणाला, आणि वर्गाच्या खिडकीतून आपण तिला दिसू नये म्हणून मागच्या गल्लीनं घरी गेला.